अर्धी गोळी

९ ऑगस्ट

आज औषधाच्या दुकानात माझी चांगलीच शोभा झाली. नेहमीसारखी हिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी दिली, विम्याचं कार्ड दिलं आणि नेहमीएवढे पैसे मोजून काउंटरवर ठेवले. दुकानातल्या बाईंनी कार्ड यंत्रात घातलं, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, या वेळी पूर्ण पैसे भरावे लागतील. तुम्ही अंतरात आलात."

"कशात आलो?"

"अंतरात. तुमच्या योजनेतलं."

मागे रांगेत चार माणसं. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बाई कुजबुजत होत्या, आणि मला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडत होतो. शेवटी सगळं पाकीट रिकामं केलं तेव्हा कुठे एका महिन्याचं खोकं हातात आलं. तीस गोळ्या. पेन्शनचा तिसरा हिस्सा गेला.

घरी न जाता कोपऱ्यावरच्या बाकावर बसून विमा कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकवलं. मग एक मधात बुडवलेला आवाज आला. "सर, वर्षाच्या सुरुवातीपासून औषधाच्या खर्चाचे तीन हिस्से आम्ही देतो, एक तुम्ही. एका मर्यादेपर्यंत. ती संपली की पुढचा सगळा खर्च तुमचा. मग तुमच्या खिशातून गेलेली रक्कम वरच्या मर्यादेला पोचली, की पुन्हा सगळं आम्ही देतो."

"आणि मध्ये काय?"

"मध्ये अंतर आहे, सर."

"म्हणजे खड्डा."

"आम्ही त्याला अंतर म्हणतो, सर."

आमच्या खर्चाने वरची मर्यादा गाठायची म्हणजे डिसेंबर उजाडणार, आणि एक जानेवारीला पुन्हा पहिल्यापासून. ज्याने हे गणित बसवलं त्याच्या अकलेला सलाम. त्याची आई जिवंत असेल तर ती कुठल्या योजनेत आहे ते मला बघायचंय.

हिने विचारलं, "एवढा वेळ?" म्हटलं, यंत्र बिघडलं होतं.

११ ऑगस्ट

हिला खरं का सांगितलं नाही ते इथे लिहून ठेवतो. ही तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. तिथे खडूचे बोटभर तुकडे गोळा करून वापरायची, नवीन खडू मुलांना बघायलाही मिळायचा नाही. गोळीची किंमत कळली तर दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणेल, "मला काही होत नाही, बंद करा." एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी हो म्हणायची नाही.

लेकीला विचारता आलं असतं. ती दुसऱ्या गावात, घराचे हप्ते चालू, दोन पोरांची शाळा. तिच्यापुढे हात पसरायचा नाही हे मी निवृत्त झालो त्याच दिवशी ठरवलंय.

माझी कोलेस्टेरॉलची गोळी कालपासून बंद केली. सत्तरी ओलांडून चार वर्षं झाली, आता कसलं कोलेस्टेरॉल! पण तेवढ्याने भागणार नाही. ती गोळी स्वस्त आहे. डोंगर हिच्या गोळीचा आहे.

१४ ऑगस्ट

उपाय घरातच होता आणि मी गावभर शोधत होतो!

अडतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो. तेव्हा औषध आजच्यासारखं चकचकीत पाकिटातून येत नव्हतं. खलात घोटायचं, कागदावर पसरायचं, सुरीच्या पात्याने ओळीने ढीग करायचे आणि पुड्या बांधायच्या. डॉक्टर एकदा गंमत म्हणून माझ्या बारा पुड्या तराजूत घालून बसले होते. एकीतही फरक निघाला नाही. मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचो ती नजरेने कापायचो. मोठ्या माणसाला अख्खी, म्हाताऱ्याला अर्धी, पोराला पाव, हे मला झोपेतही येतं.

आणि आता ही सत्तरीची, वजन उतरलेलं, तिला तरण्या माणसाचा डोस कशाला? डॉक्टर लिहितात कारण कंपनी तेवढीच बनवते. आज सकाळी ही अंघोळीला गेली तेव्हा नवीन पातं लावून गोळी मधोमध चिरली. कडक निघाली, वरचं कवच कचकन फुटलं, पण भाग सारखे झाले. हात अजून थरथरत नाही.

एक खोकं आता दोन महिने जाईल.

१५ ऑगस्ट

हिने पकडलं. "अहो, ही गोळी तुटलेली आहे."

"तुटलेली नाही, नवीन माल आहे. कंपनीने आकार बदलला."

"एका बाजूने खरखरीत?"

"अगं, तू गणित शिकवलंस, मी औषध दिलं. मी कधी तुझी बेरीज तपासली?"

हसली आणि गिळून टाकली. मला थोडं वाईट वाटलं. पण खोटं बोलून जर भलं होत असेल तर ते खोटं मी डोक्यावर घेतो.

२१ ऑगस्ट

रक्तदाब मोजायचं यंत्र आहे घरात. रोज सकाळी आठला गोळी, दहाला माप, हा आमचा नेम. आठवडाभराचे आकडे बघतोय. अख्खी गोळी होती तेव्हापेक्षा कमी! अर्धीनेच काम चोख होतंय. मग इतकी वर्षं उरलेली अर्धी कुणाच्या पोटात जात होती? कंपनीच्या.

आज फार दिवसांनी मी शीळ घातली. ही म्हणाली, "काय हो, लॉटरी लागली की काय?"

"लागली असं समज."

२ सप्टेंबर

सकाळी साडेनवाला ही पलंगावरून उठताना भिंतीला धरून उभी राहिली. "गरगरतंय," म्हणाली. चौथ्यांदा. दहाला मापलं तर दाब खाली. म्हणजे अर्धीसुद्धा जास्तच होतेय की काय? पाव करावी का, असाही विचार आला. पण पाव कापताना चुरा होतो, नासाडी होते.

पाणी कमी पिते ही, दुसरं काही नाही. एक तांब्या भरून उशाशी ठेवला. "मला बदक करणार आहात का?" म्हणाली.

८ सप्टेंबर

गुडघ्याचं मलम आणायला दुकानात गेलो. त्या बाईंची नजर तेज. "काका, काकूंचं खोकं आज संपेल ना? काढून ठेवू?"

"आहे अजून."

त्यांनी हातातलं काम थांबवलं. "कापून देत नाही ना? नाही म्हणजे, अंतरातले बरेच लोक तसं करतात म्हणून विचारते. ती गोळी अख्खीच..."

मी पुढे बोलूच दिलं नाही. "बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी औषध वाटतोय. अख्खी घेतली म्हणजे अख्खी विकता येते, एवढं कळतं मला."

त्यांचा चेहरा उतरला. मागच्या माणसाने घसा खाकरला. मलम घेतलं आणि बाहेर पडलो. थोडं जास्तच बोललो, हे रस्त्यात कळलं. पण बाईमाणसाची माफी मागायला परत जायचं म्हणजे पुन्हा तेच पुराण ऐकायचं. पुढच्या वेळी गोड बोलेन.

१९ सप्टेंबर

हिची हल्ली संध्याकाळ वाईट जाते. पाच वाजले की डोकं धरून बसते. चेहरा लालबुंद होतो. काल दिवा लावला तर माझ्यावर खेकसली, "डोळ्यात घुसतोय तो, बंद करा!" लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, दिव्यावरून भांडण पहिल्यांदा झालं.

चष्म्याचा नंबर वाढला असणार. दिवसभर शब्दकोडी सोडवत बसते. डोळे तपासायचे तर तेही योजनेत बसत नाही. जानेवारीत बघू.

सकाळचे आकडे मात्र उत्तम. कुणाही डॉक्टरला दाखवावेत असे.

२६ सप्टेंबर

लेकीचा फोन. "आई दमल्यासारखी बोलतेय. डॉक्टरकडे नेऊन आणा ना." म्हटलं, नोव्हेंबरची तारीख घेतलेली आहेच. "आधी न्या." म्हटलं, दाब मी रोज मोजतो, तू काळजी करू नकोस. "बाबा, नक्की ना?" घरात कंपाउंडर असताना डॉक्टर कशाला, असं म्हणून हसलो. तीही हसली.

डॉक्टर म्हणजे तपासणीची फी आणि पुन्हा नवीन चिठ्ठी. खड्ड्यात असताना आणखी खोल खणण्यात अर्थ नाही.

६ ऑक्टोबर

परवाचं आज लिहितोय. हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसून.

चार तारखेला संध्याकाळी साडेपाचला ही स्वयंपाकघरात कप धुवत होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. कप पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "फोड, फोड, दुसरे आहेत." उत्तर नाही. हिने उत्तर दिलं नाही असं कधी होत नाही. गेलो तर ओट्याला टेकून उभी, उजवा हात लोंबलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होती. आवाज हिचाच, पण शब्द एकही कळेना. मग खाली बसत गेली. मी पकडलं, पण दोघंही पडलो.

मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणाले. जीव वाचेल. उजवी बाजू आणि बोलणं किती परत येईल ते आज सांगता येत नाही.

लेक रातोरात आली.

७ ऑक्टोबर

डॉक्टरांनी आज बोलावलं. लेक शेजारी. "काका, रक्तदाबाची गोळी रोज घेत होत्या?"

"रोज," मी म्हणालो. "एक दिवस चुकला नाही."

यात खोटं काय होतं? एक दिवस खरंच चुकला नव्हता. माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

डॉक्टर विचारात पडले. "गोळी नियमित असूनही दाब एवढा चढला, म्हणजे या एका गोळीने भागत नाही. नाकातली नळी निघाली की डोस दुप्पट करू."

लेक आईच्या कॉटपाशी जाऊन रडत रागावली. "तू मीठ सोडलं नसशील. किती वेळा सांगितलं होतं तुला! कुणाचं ऐकशील तर शपथ." हिला उत्तर देता येत नव्हतं. डावा हात जरासा उचलला, पुन्हा खाली ठेवला. मी खिडकीतून गाड्यांचं पार्किंग बघत उभा राहिलो.

भित्रा. दुसरा शब्द नाही.

८ ऑक्टोबर

दिवसभर मनाशी घोकतोय. अख्खीने भागत नव्हतं असं समजून ते दुप्पट देणार. अर्धीच्या चौपट. सकाळी आठला अर्धी दिली तरी हिला गरगरत होतं, हे मला माहीत, त्यांना माहीत नाही. चौपटीने काय होईल?

सांगितलं तर लेकीला तोंड दाखवता येणार नाही. नाही सांगितलं तर कदाचित हिचं तोंड बघायला मिळणार नाही. यात विचार करण्यासारखं काय आहे? तरी अख्खा दिवस घालवला.

९ ऑक्टोबर

सांगितलं. सकाळी नर्सबाई ट्रेमध्ये दोन गोळ्या घेऊन आल्या. मी ट्रेवर हातच ठेवला. "डॉक्टरांना बोलवा. आधी बोलवा."

डॉक्टर तरुण आहेत. ओरडतील असं वाटलं होतं. ते बाकावर माझ्याशेजारी बसले.

"अर्धी म्हणजे चिरून?"

"हो. पात्याने."

त्यांनी डोळे मिटले. "काका, ती गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळायला बनवलेली असते. कवच फोडलं की सगळं औषध दोन तासांत मोकळं होतं. सकाळी दाब धाडकन खाली, संध्याकाळी अंगात काहीच नाही. तुम्ही किती वाजता मोजत होता?"

"दहाला."

"आणि संध्याकाळी?"

डोकं धरून बसलेली ही डोळ्यांसमोर आली. पाचला. रोज पाचला. यंत्र हाताच्या अंतरावर कपाटात होतं.

"खर्चाचा प्रश्न होता तर मला एक फोन करायचात. साधी जुनी गोळी लिहून दिली असती. दिवसातून दोनदा घ्यायची, चणेफुटाण्याच्या भावात मिळते." त्यांनी नाव सांगितलं. ती गोळी दवाखान्यात मी स्वतः हजारो लोकांना कागदात बांधून दिलेली आहे.

लेक दारात उभी होती. किती वेळची ते माहीत नाही. "बाबा, पैसे माझ्याकडे मागायचे ना."

"अगं, तुझे हप्ते..."

"गप्प बसा."

लेक जन्मात पहिल्यांदा मला असं बोलली. ती आत गेली आणि आईच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, "मी तुला उगाच बोलले गं." ही तिच्याकडे बघत राहिली, कशाबद्दल ते तिला कळलं नसावं. बाहेर येऊन लेक मला म्हणाली, "आईला मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

दुप्पट डोस रद्द झाला.

१५ ऑक्टोबर

लेक उद्यापासून दोन दिवस तिच्या घरी जाऊन येते म्हणाली, म्हणून त्याआधी मी कपडे आणायला आमच्या घरी गेलो. दारात विमा कंपनीचं पत्र. जाड कागद, वर रंगीत पट्टा. "अभिनंदन! आपण या वर्षीची वरची मर्यादा पूर्ण केली आहे. एकतीस डिसेंबरपर्यंत आपल्या सर्व औषधांचा खर्च आता आम्ही करू." हॉस्पिटलातल्या इंजेक्शनांनी एका आठवड्यात आम्हाला खड्ड्याच्या पलीकडे नेऊन सोडलं. पायी गेलो असतो तर डिसेंबर लागला असता.

अभिनंदन! मेल्यांनो, तुमच्या घरात कुणी माणूस आहे का पत्र वाचणारं? फाडून टाकणार होतो, पण जपून ठेवलं, कारण ते दाखवल्याशिवाय गोळ्या फुकट मिळत नाहीत. असली आमची लायकी.

रागाने पानंच्या पानं भरता येतील. खड्डा त्यांनी खणला, वर पाटीसुद्धा लावली नाही, सगळं खरं. पण डोळे बांधून हिला तिथे घेऊन जाणारा मी होतो, आणि वाटेत एका बाईने हात धरून थांबवलं तर तिचा अपमान करून पुढे गेलो. हे कंपनीच्या नावावर मांडता येत नाही.

१८ ऑक्टोबर

हिला आता "अहो", "पाणी" आणि "नको" येतं. बोलणं शिकवायला एक बाई येतात. चित्रं दाखवतात. मांजर, घड्याळ, खुर्ची. पोरांना पाढे घोकायला लावणारी माझी बायको खुर्चीच्या चित्राकडे बघून घामाघूम होते. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही बाहेर थांबा, त्यांना तुमच्यासमोर लाज वाटते.

आज सांगायचं ठरवलं होतं. "थोडी बरी होऊ दे," असं म्हणून टाळलं. हे म्हणजे आजारी माणसाच्या आड लपणंच झालं.

२२ ऑक्टोबर

सांगितलं. दुपारी खोलीत दोघंच होतो. खुर्ची कॉटला लावून बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दुकान, खड्डा, पातं, नवीन माल म्हणून मारलेली थाप, दुकानातल्या बाई, सकाळचे आकडे. माफी मागितली, पण ती मागताना माझ्याच कानाला ती स्वस्त वाटली. हिने मध्ये एकदाही "नको" म्हटलं नाही. छताकडे बघत ऐकत होती.

मग बराच वेळ ओठ हलवले. "पै... पैसे," म्हणाली. "किती?"

मला वाटलं, गोळी केवढ्याला ते विचारतेय. ते सांगितलं. मान हलवली, ते नाही. मग कळलं. किती उरले, असं विचारत होती. बावन्न दिवस, सव्वीस गोळ्या. एका खोक्याला चार कमी. आकडा सांगितला. या खोलीच्या एका दिवसाच्या भाड्यात तेवढ्या पैशांचे तीन वाटे बसतात, तेही सांगितलं, कारण आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

हिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पंधरा-वीस मिनिटांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तशी म्हणाली, "मला... विचारायचं... होतंत."

अख्खं वाक्य. झाल्यापासूनचं पहिलं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगून ठेवलंय, पहिलं वाक्य आलं की लगेच घरच्यांना कळवा, सगळ्यांनाच हुरूप येतो. लेकीला फोन करायला मी कॉरिडॉरमध्ये आलो. नंबर लावला. पलीकडून "हॅलो बाबा?" आलं, आणि मग लक्षात आलं की ती विचारणार, काय म्हणाली आई. मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो.